नगर प्रांतांतील चाकरी व धर्माची गणती

चाकर ठेवितांना धन्यानें त्याचें कसब पाहावें, इमान पाहावें, जामीन पाहावा, हें सर्वत्र चालत आलेलें आहे. त्याचा धर्म कोणता हें लिहून ठेवावें, आपल्या पदरीं कोणत्या धर्माचे किती लोक आहेत याचा हिशेब करावा व तो पाहून पुढील भरती करावी, ही गोष्ट मात्र निराळी. ती आधुनिक सरकारांनीं काढली अशी सामान्य समजूत आहे. अहमदनगर जिल्ह्याच्या इतिहासाकडे पाहिलें असतां ती समजूत टिकत नाहीं. जिल्ह्याचें सरकारी नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर असें झालें आहे; येथें जुन्या काळाविषयीं लिहितांना जुनेंच नांव ठेविलें आहे. या प्रांतावर ज्यांनीं राज्य केलें त्यांपैकीं अनेकांनीं केव्हां ना केव्हां चाकरांचा धर्म किंवा पंथ पाहून नेमणुकांत फेरफार केले. ते रकाने कोणीं आंखले, कोणत्या हेतूनें आंखले, आणि ज्याचें नांव एकाहून अधिक रकान्यांत बसूं शकत होतें अशा मनुष्याचें त्यांत काय झालें, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे. यांपैकीं शेवटचा प्रश्न या जिल्ह्यापुरता विशेष महत्त्वाचा आहे.

निजामशाहीपासून आरंभ करूं. या घराण्याचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुळांत जन्मून बहामनी दरबारीं मुसलमान झालेला. त्याचा पुत्र मलिक अहमद यानें १४९० सालीं स्वतंत्र सत्ता स्थापिली. या दरबाराच्या चाकरींत हिंदु व मुसलमान हाच मुख्य भेद असेल असें मानणाऱ्याची निराशा होते. बुऱ्हाण निजामशहाचा पेशवा कवरसेन हा ब्राह्मण होता, व पुढें भोसले, जाधव इत्यादि मराठे सरदार याच दौलतींत वाढले. दरबारांतील खरी तेढ दखनी व आफाकी यांची होती. आफाकी म्हणजे इराण, तुराण, अरबस्तान वगैरे देशांतून आलेले परदेशी मुसलमान; दखनी म्हणजे येथें रुजलेले. हबशी बहुधा दखनींच्या बाजूस असत. या भांडणांत जन्मभूमि व पंथ हे दोन धागे एकमेकांत गुंतलेले होते. आफाकींत शियांचा भरणा, दखनींत सुनींचा.

१५३७ च्या सुमारास शाह ताहिराच्या उपदेशानें बुऱ्हाणशहानें शिया पंथ स्वीकारला आणि खुतब्यांतून पहिल्या तीन खलिफांचीं नांवें काढिलीं. शहरांत दंगा उसळला. तो मोडल्यावर सुनी लोकांकडे चालत आलेल्या नेमणुका काढून शियांस देण्यांत आल्या, असें फेरिस्ता सांगतो. शेजारीं विजापुरास त्याच दशकांत नेमका उलट प्रकार घडला. पहिल्या इब्राहिम आदिलशहानें सुनी पंथ पुन्हां चालू केला, सुमारें ४०० असामी राखून बाकीचे आफाकी दूर केले, त्यांच्या जागीं दखनी भरले, आणि वसुलाचें दफ्तर फारशींतून काढून देशी भाषेंत व ब्राह्मण कारकुनांच्या हातीं दिलें. दोन शेजारी राज्यें, भिन्न पंथ, पण रीत एकच. धनी बदलला किंवा धन्याचा पंथ बदलला कीं चाकरांची याद नव्यानें तपासावयाची.

नगरास याचा कळस १५८९ सालीं झाला. मिरान हुसेन निजामशहाचा खून झाल्यावर जमालखान नांवाच्या सरदारानें दखनी व हबशी यांची जूट करून किल्ला घेतला, व शहरांत आफाकींची कत्तल झाली. जमालखान महदवी पंथाचा; त्यानें इस्माइलास गादीवर बसवून राज्याचा पंथही महदवी केला. खुद्द फेरिस्ता या वेळीं निजामशाही चाकरींत होता. तोही नगर सोडून विजापुरास गेला. म्हणून या प्रकरणांतील त्याचें लिहिणें वाचतांना तो एका पक्षाचा होता हें विसरतां कामा नये. १५९१ सालीं रोहिणखेडच्या लढाईंत जमालखान पडला व दुसऱ्या बुऱ्हाणशहानें शिया पंथ परत आणिला. म्हणजे चोपन्न वर्षांत राज्याचा पंथ तीन वेळां फिरला. प्रत्येक फेऱ्यांत कोणाची तरी भाकरी गेली, व १५८९ त तर प्राण गेले.

यानंतर मोगल. शहर १६०० सालीं पडलें, राज्य १६३६ सालीं बुडालें, आणि नगर प्रांत दिल्लीच्या अमलाखालीं आला. १६७१ सालीं औरंगजेबानें हुकूम काढिला कीं, खालशाच्या मुलखांतील वसुलीवर मुसलमानच असावे, व सुभेदार आणि तालुकदार यांनीं आपले हिंदु पेशकार व दिवाण दूर करून त्यांच्या जागीं मुसलमान नेमावे. सरकारी नोकरवर्गाचें धर्मवार प्रमाण ठरवून देणारा इतका उघड हुकूम आपल्या देशाच्या मध्ययुगीन इतिहासांत क्वचित् सांपडतो. त्याचें पुढें काय झालें हें त्याहून बोधप्रद आहे. काम अडूं लागलें. जमाबंदी, बाकी, वसूल, तगाई यांचे हिशेब पिढ्यान् पिढ्या ज्या कायस्थ, खत्री व ब्राह्मण घराण्यांच्या हातीं होते तीं घराणीं एका फर्मानानें बदलतां येईनात. शेवटीं बादशहास माघार घ्यावी लागली; पेशकारांपैकीं निम्मे हिंदु व निम्मे मुसलमान असावे असा मध्यम मार्ग निघाला. निम्मेनिम्म्याचा हा आंकडा लोकसंख्येच्या प्रमाणांतून किंवा लायकीच्या परीक्षेंतून आला नाहीं. हुकूम आणि अडलेलें काम यांच्या तडजोडींतून तो निघाला.

याच बादशहाविषयीं अगदीं उलट अर्थाची एक गोष्ट 'अहकाम-इ-आलमगिरी' या संग्रहांत आहे. तिचें भाषांतर सर यदुनाथ सरकार यांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केलें. एका तुराणी सरदारानें अर्ज केला कीं, दोन्ही बक्षीगिऱ्या इराणी शियांकडे आहेत, त्यांतील एक आपणांस मिळावी. त्यावर बादशहानें, ऐहिक कारभाराचा धर्माशीं संबंध काय, असें विचारून अर्ज फेटाळिला. या संग्रहाच्या विश्वसनीयतेविषयीं अभ्यासकांस शंका आहेत. म्हणून एका आख्यायिकेवरून १६७१ चा हुकूम झांकून टाकणें बरोबर नव्हे. तथापि ती सर्वस्वी खोटी मानिली तरी एक गोष्ट तींतून सिद्ध होते. अमक्या पंथाचे इतके बक्षी आहेत अशी मोजदाद करून अर्ज करण्याची चाल त्या वेळच्या लोकांस अपरिचित नव्हती.

मनसबदारांच्या यादीचें काम आतां बरेंच झालें आहे. अथर अली यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एक हजारी व त्यावरील मनसबदार मोजले आहेत. १६५८ ते १६७८ या काळांत ४८६ पैकीं १०५ हिंदु, म्हणजे शेंकडा २१.६, १६७९ ते १७०७ या काळांत ५७५ पैकीं १८२, म्हणजे शेंकडा ३१.६. जिझिया पुन्हां बसविला तो १६७९ सालीं. आणि त्याच सालापासूनच्या उत्तरार्धांत हिंदु मनसबदारांचें प्रमाण वाढलेलें! यावरून कोणी बादशहाच्या उदारपणाचें अनुमान काढील तर तें घाईचें होईल. त्याच याद्यांत मराठे पूर्वार्धांत २७ आहेत व उत्तरार्धांत ९६. राजपुतांचा वांटा उलट किंचित् घटला आहे. दक्षिणेंतील युद्ध जिंकतां येईना म्हणून सरदार फोडून मनसबा द्याव्या लागल्या, त्या 'हिंदु' या एका शब्दाखालीं मिळविल्या कीं बेरीज फुगते. धर्मवार बेरजेच्या पोटांत निराळी कारणें कशीं दडतात याचा याहून चांगला दाखला शोधावयास नको. हें युद्ध लढत असतांच बादशहा नगरास परतला व १७०७ सालीं भिंगारजवळच्या छावणींत वारला.

पेशवाईविषयीं थोडक्यांत. नगरचा किल्ला १७५९ सालीं पेशव्यांकडे आला. ज्या सदाशिवरावभाऊंनीं तो मिळविला त्यांच्या तोफखान्याचा मुख्य दोन वर्षांनीं पानिपतावर इब्राहिमखान गारदी होता, हें सर्वांस ठाऊक आहे. लष्करांत कसबाची गरज पंथाच्या वर होती. मुलकी दफ्तरांत मात्र ब्राह्मणांचा भरणा इतका वाढला कीं, तेथें मोजणीचा प्रश्नच उरला नाहीं.

दरबार सोडून गांवांत आलें कीं निराळें चित्र दिसतें. गांव हाही एक धनीच होता. बारा बलुत्यांस तो खळ्यावर धान्य देई व त्याबदल्यांत ठराविक काम घेई. त्या बलुत्यांत जोशी व गुरव जसे होते तसा मुलाणीही होता. बकरें कापण्याचें काम त्याचें, आणि पेंढीचा हक्कही त्याचा. येथें धर्म वेगळा मोजावा लागत नसे, कारण तो कामाच्या नांवांतच होता. महाराचें काम महाराचें व मांगाचें मांगाचें. ही व्यवस्था न्याय्य होती असें सुचविण्याचा हेतु नाहीं. ज्यांच्या वांट्यास मेलेलीं ढोरें ओढणें आलें त्यांस ती कशी वाटत होती हें एकोणिसाव्या शतकांत त्यांनीं स्वतःच्या कृतीनें दाखविलें. त्या कृतीकडे आतां वळावयाचें आहे.

अमेरिकन मराठी मिशन नगरास १८३१ सालीं आलें. शाळा, छापील पुस्तकें, उपदेशक, शिक्षक यांच्या द्वारें मिशन लवकरच जिल्ह्यांतील एक मोठा धनी बनलें. आरंभींच्या शाळांत शिक्षक बहुधा ब्राह्मण असत, कारण शिकलेला दुसरा मनुष्य मिळत नसे. ख्रिस्ती धर्म शिकविण्यासाठीं काढलेल्या शाळेंत शिकविणारा ख्रिस्ती नाहीं, ही विसंगति अमेरिकेंतील चालकांस खुपत होती. १८५४–५५ सालीं तेथून रूफस अँडरसन व त्याचा सहकारी पाहणीस आले. त्यांच्या भेटीनंतर इंग्रजी शाळा बंद झाली, आणि ख्रिस्तेतर पंतोजींवर चालणाऱ्या शाळाही मोडण्यांत आल्या. येथेंही रकाना धन्याच्या हेतूचा होता, पण परिणाम विचित्र झाला. कांहीं मुलांची शाळा गेली, आणि दुसऱ्या बाजूस महार-मांग ख्रिस्ती तरुणांस शिक्षकाची जागा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. गांवचा येसकर ज्या घरांतून निघे त्याच घरांतून गांवचा मास्तर निघूं लागला. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर जिल्ह्यांत ख्रिस्ती होणारांची संख्या एकदम वाढली. त्यांत महार व मांग हेच बहुसंख्य होते.

सरकारी बाजूनें पाहतां मद्रासच्या महसूल मंडळानें १८५४ सालींच हुकूम केला होता कीं, जिल्ह्यांतील मुख्य जागा एकाच घराण्याच्या वा जातीच्या हातीं जाऊं देऊं नयेत. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजीं मागासलेल्या वर्गांसाठीं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या राखून ठेविल्या. हे दोन्ही हुकूम जातीपुरते होते. कारखान्यांची गणती त्यानंतर आली. १० मार्च १९११ च्या खानेसुमारींत वीस किंवा अधिक माणसें कामास असलेल्या प्रत्येक कारखान्याचें वेगळें पत्रक भरून घेतलें. त्यांत मालक व व्यवस्थापक यांची जात किंवा वंश लिहिला गेला, मजुरांचा नाहीं. १९२१ सालीं मर्यादा दहा माणसांवर आणिली व कुशल आणि अकुशल मजुरांच्या जातीही कोष्टकांत आल्या. धन्यामागून धन्याकडे जाऊन त्याच्या कामगारांची जातवार व धर्मवार विचारपूस करण्याचा आपल्याकडील हा मोठा प्रयोग. १९३१ सालीं ही औद्योगिक गणती पुन्हां झाली नाहीं.

नगर जिल्ह्यापुरतें या कोष्टकांचें मोल बेताचेंच आहे. येथील मुख्य धंदा हातमागाचा. नगर, भिंगार, संगमनेर येथील साळी, कोष्टी, पद्मसाळी आपापल्या घरांत विणीत. घर हा कारखाना नव्हे आणि दहा माणसें एका छपराखालीं नाहींत, म्हणून तो सारा वर्ग पत्रकाबाहेर राहिला. पुढें संगमनेरास विड्यांचा धंदा वाढला. पानें घरीं नेऊन विड्या वळणाऱ्या बायकांस हाच न्याय लागू पडता.

ज्या धन्याकडील गणती नियमानें चालू राहिली तो म्हणजे रेल्वे. दौंड–मनमाड फांटा १८७८ सालीं सुरू झाला, व नगरच्या माणसास गांवाबाहेरची कायम नोकरी मिळण्याचें तें एक ठिकाण झालें. सरकारी रेल्वेंच्या दुय्यम नोकऱ्यांत मुसलमान व इतर अल्पसंख्य किती आहेत याचा अहवाल १९३२ सालीं के. एम्. हसन या अधिकाऱ्यानें सादर केला. त्यानंतर जुलै १९३४ मध्यें हिंदुस्थान सरकारनें ठराव करून मध्यवर्ती नोकऱ्यांतील थेट भरतीच्या शेंकडा २५ जागा मुसलमानांस व शेंकडा ८⅓ इतर अल्पसंख्यांस राखून दिल्या. हिंदी ख्रिस्ती या दुसऱ्या गटांत होते. दलितवर्गास त्या ठरावानें ठराविक वांटा दिला नाहीं. तो, शेंकडा ८⅓ इतकाच, ऑगस्ट १९४३ मध्यें, डॉ. आंबेडकर मध्यवर्ती मंत्रिमंडळांत असतांना मिळाला, आणि १९४६ सालीं १२½ झाला.

या आंकड्यांत नगरच्या ख्रिस्ती महाराची जागा शोधून पाहावी. १९३४ सालीं तो ख्रिस्ती म्हणून राखीव जागेस पात्र. त्याचा हिंदु राहिलेला चुलतभाऊ नाहीं. १९३६ च्या अनुसूचित जातींच्या हुकुमांत हिंदी ख्रिस्ती अनुसूचित जातीचा मानला जाणार नाहीं असें स्पष्ट लिहिलें, म्हणून १९४३ सालीं चुलतभावास जो वांटा मिळाला तो यास नाहीं. पण याचा स्वतःचा अल्पसंख्यांचा वांटा अजून शाबूत होता. १९५० सालीं राज्यघटना अमलांत आल्यावर नोकऱ्यांतील धर्मवार राखीव जागा सरल्या. त्याच वर्षीं १० ऑगस्टच्या राष्ट्रपतींच्या हुकुमानें अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठरल्या. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध त्यांत घेतले गेले, ख्रिस्ती व मुसलमान नाहींत. एकाच वस्तींतील, एकाच आजोबांचे दोन नातू सोळा वर्षांत एकमेकांच्या जागीं जाऊन बसले, आणि दोघांपैकीं एकाचेंही काम, घर वा गांवांतील मान यांत या हुकुमांनीं बदल झाला नव्हता.

धर्माची गणती मुळींच नको, असें यावर म्हणतां येईल, व तसें म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु न मोजल्यानें भेद नाहींसा होत नाहीं, याचें उदाहरण दूरच्या देशांत मिळतें. उत्तर आयर्लंडांत प्रॉटेस्टंट व कॅथॉलिक यांच्या वैरांत कारखाने व कचेऱ्या वांटल्या गेल्या होत्या. १९७६ च्या कायद्यानें भेदभाव निषिद्ध केला, पण पुरावा कशाचा द्यावयाचा हें ठरेना. म्हणून १९८९ च्या कायद्यानें प्रत्येक धन्यानें आपल्या नोकरांचें धर्मवार पत्रक दरसाल आयोगाकडे पाठवावें असें ठरविलें. प्रथम २५ हून अधिक व १९९२ पासून १० हून अधिक पूर्णवेळ नोकर असणाऱ्यांस हें बंधन लागलें. दर तीन वर्षांनीं धन्यानें आपली भरती तपासून पाहावयाची. तेथें राखीव जागांचें ठराविक प्रमाण नाहीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट म्हणजे त्या पत्रकांतील प्रश्न. तुम्ही देवळांत जातां कीं नाहीं, काय मानतां, हें तेथें विचारीत नाहींत. तुम्ही कोणत्या समाजांतून आलां हें विचारितात, आणि उत्तर न दिल्यास प्राथमिक शाळा कोणती यावरून तें ठरविण्याची मुभा आहे. श्रद्धा व समाज या दोन गोष्टी तेथील कायद्यानें वेगळ्या ओळखल्या. आपल्या १९५० च्या हुकुमांत त्या एकत्र बांधल्या गेल्या. न्यायमूर्ति रंगनाथ मिश्र यांच्या आयोगानें २००७ सालीं ती गांठ सोडण्याची शिफारस केली.

इकडील धन्यांच्या गणतीचें पुढें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. सच्चर समितीनें २००६ सालीं सरकारी खातीं, बँका, रेल्वे यांतील मुसलमानांचें प्रमाण विचारून घेतलें तें एकदां, समितीपुरतें. २०१३–१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेंत एकट्या मालकाच्या धंद्याबाबत मालकाचा धर्म व सामाजिक गट लिहिला गेला, मजुराचा नाहीं. म्हणजे शंभर वर्षांनीं पत्रक पुन्हां १९११ च्या ठिकाणीं आलें. प्रवरानगरास १९५० सालीं सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यापासून जिल्ह्यांतील सर्वांत मोठे धनी हे कारखाने आहेत, व सहकारी संस्था म्हणून ते या मालकाच्या रकान्यांतही बसत नाहींत.

ख्रिस्ती महाराची एक नोंद मात्र दीर्घकाळ या सर्व रकान्यांच्या बाहेर टिकली. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्मांतरामुळें वारसा बुडत नाहीं असें ठरलें होतें, आणि १८७४ च्या वतन कायद्यानें महारकी ही वंशपरंपरेची सरकारी चाकरी म्हणून कागदावर आली. नगरच्या अनेक गांवांत बाप्तिस्मा घेतलेलीं घराणीं आपल्या पाळीस महारकी करीत व बलुत्याचा वांटा मागत. देवीपुढील हेल्याचें काम करणार नाहीं, पण सरकारी सारा पोंचविण्याचें करीन, असा भेद ते करीत. गांवकऱ्यांस तो पटत नसे, आणि पुष्कळ ठिकाणीं पेंढी अडवून धरली जाई. भांडण असलें तरी नोंद होती. तो मनुष्य त्या वहींत महार होता व रविवारीं ख्रिस्ती. १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक आणिलें तें ही चाकरी गुलामी आहे म्हणून, आणि तें म्हणणें खरें होतें. शेवटीं १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें रद्द झालीं. त्यासरशीं त्या वह्याही बंद झाल्या.